“रिपोर्ट नॉर्मल आहे” म्हणजे नक्की काय पाहिलं?

तळपायांची आग होते, मुंग्या येतात, रात्री चादरीचा स्पर्शही नकोसा वाटतो. रुग्ण डॉक्टरांकडे जातो. डॉक्टर एनसीव्ही करायला सांगतात, म्हणजे नसांना हलका करंट देऊन करायचा तपास. रिपोर्ट येतो आणि शेवटच्या ओळीत लिहिलेलं असतं, नॉर्मल. मग रुग्णाला सांगितलं जातं की नसा चांगल्या आहेत, काळजी करू नका, जरा टेन्शन कमी घ्या. घरी गेल्यावर या वाक्याचं “डॉक्टरच म्हणाले, काही नाही म्हणून” असं रूपांतर होतं. त्या दिवसापासून त्या माणसाच्या दुखण्यावरचा घरच्यांचा विश्वास उडतो. तो माणूस म्हणजे घरातली सून असेल तर बोलायलाच नको.

याबाबत माझं मत स्पष्ट आहे. एनसीव्ही नॉर्मल आहे एवढ्यावरून “तुमचं दुखणं मनाचं आहे” असं म्हणणं शास्त्राला धरून नाही. आग, टोचणं, चटके ही लक्षणं ज्या नसांमुळे होतात त्या नसा या तपासणीत दिसतच नाहीत. न पाहिलेल्या गोष्टीला नॉर्मल म्हणता येत नाही. आता याचा अर्थ “मग आणखी एक महागडी तपासणी करा” असाही नाही, आणि तेही मला या लेखात सांगायचं आहे. पण दोन्ही गोष्टी पटायच्या असतील तर नसांची टोकं सूक्ष्मदर्शकाखाली कशी दिसायला लागली, ही हकिकत थोडी माहीत असलेली बरी. या हकिकतीत एन्झाइमचं काम मोठं आहे.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपण “नस” हा शब्द रक्तवाहिनीलाही वापरतो आणि मज्जातंतूलाही. सलाइन लावताना “नस सापडत नाही” म्हणतो ती रक्तवाहिनी, आणि कंबर दुखताना “नस दबली” म्हणतो तो मज्जातंतू. शाळेच्या पुस्तकात त्याला चेता म्हणतात. या लेखात नस म्हणजे मज्जातंतूच. एन्झाइमला शाळेत आपण विकर म्हणायला शिकलो, पण दवाखान्यात कोणी तसं म्हणत नाही, म्हणून मीही एन्झाइमच म्हणतो. शरीरातली रासायनिक कामं झपाट्याने उरकणारी प्रथिनं म्हणजे एन्झाइम.

त्वचेतल्या तारा

आपल्या त्वचेत संवेदना टिपणाऱ्या नसांची टोकं दोन प्रकारची असतात. काही टोकांवर पेशींचं वेष्टण असतं. तळहात आणि तळपायाच्या खोल भागात कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर असलेल्या छोट्या गाठी असतात. त्यांना इटलीच्या फिलिपो पाचिनी यांचं नाव आहे. त्या जवळजवळ एक मिलिमीटर लांब, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी दिसण्याएवढ्या असतात आणि कंप टिपतात. बोटांच्या टोकांशी त्याहून लहान, हलका स्पर्श टिपणाऱ्या गाठी असतात. त्या माइस्नर यांच्या नावाने ओळखल्या जातात. या दोन्ही गाठींतून निघणाऱ्या नसा जाड असतात, त्यांच्यावर चरबीचं आवरण असतं आणि संदेश सेकंदाला साधारण 50 मीटर वेगाने पळतो.

दुसरा प्रकार उघड्या टोकांचा. या नसा अगदी बारीक असतात. त्या त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात शिरून पेशींच्या मधून वर चढतात आणि तिथेच संपतात. वेष्टण नाही, गाठ नाही. जाडी एक मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे केसाच्या जाडीचा साठ-सत्तरावा भाग. वेदना, उष्णता, थंडी, खाज या संवेदना यांच्याकडे असतात. त्यांतल्या सर्वांत बारीक नसांमधून संदेश सेकंदाला जेमतेम एक मीटर जातो. पायाचं बोट पलंगाच्या पायावर आपटलं की आधी चटकन कळ येते आणि क्षणभराने ती खोल, ठणकणारी वेदना येते, हा अनुभव सगळ्यांना आहे. पहिली कळ थोड्या वेगवान नसांतून येते, दुसरी या संथ नसांतून.

एनसीव्हीचं यंत्र त्वचेवरून विजेची लाट मोजतं. त्या लाटेत जाड आणि वेगवान नसांचा आवाज एवढा मोठा असतो की बारीक नसांचं कुजबुजणं त्यात ऐकूच येत नाही. हा यंत्राचा दोष नाही. ते ज्या कामासाठी बनवलं आहे ते काम ते उत्तम करतं. मनगटात नस दाबली गेली आहे का, गिलियन-बारे झाला आहे का, हे त्याच्याशिवाय नीट कळणार नाही. फक्त बारीक नसांबद्दल ते काहीच सांगत नाही. “सगळं ठीक आहे” असंही सांगत नाही.

दिसत नाही ते दाखवायचं कसं?

मग सूक्ष्मदर्शकाखाली सरळ त्वचाच का बघायची नाही? बघितली, पण दिसलं नाही. त्वचेचा तुकडा घेऊन नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगाने रंगवला तर पेशी छान दिसतात, वरच्या थरातल्या नसा मात्र दिसत नाहीत. सगळंच फिकट, पारदर्शक. म्हणून एकोणिसाव्या शतकापासून शास्त्रज्ञ नसा उठून दिसतील असा रंग शोधत होते.

यातली एक गोष्ट मला फार आवडते. 1868 साली बर्लिनमध्ये पॉल लँगरहान्स नावाच्या 21 वर्षांच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने माणसाच्या त्वचेला गोल्ड क्लोराइड, म्हणजे सोन्याचा क्षार लावून पाहिलं. वरच्या थरात काळ्या रंगाच्या, फांद्या फुटलेल्या पेशी दिसल्या. नसांसारख्याच. त्याने त्यांना मज्जासंस्थेचा भाग मानलं. त्या नसा नव्हत्या, त्या होत्या प्रतिकारशक्तीच्या पहारेकरी पेशी. हे नीट कळायला सुमारे शंभर वर्षं गेली, आणि आज त्या पेशींना त्याचंच नाव आहे. याच मुलाने पुढच्या वर्षी स्वादुपिंडातले पेशींचे पुंजके पाहिले. त्यांच्यातून इन्सुलिन येतं हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. म्हणजे मधुमेहाचं मूळ जिथे आहे ती जागा, आणि मधुमेहात ज्या थरातल्या नसा झडतात तो थर, दोन्ही या एकाच तरुणाने सूक्ष्मदर्शकाखाली निरखले होते.

अडचण अशी की सोन्याचा किंवा चांदीचा रंग कधी बसायचा, कधी नाही. आज दिसलेली नस उद्याच्या तुकड्यात दिसेलच याची खात्री नाही. एकाने “इथे नसा भरपूर आहेत” म्हणायचं आणि दुसऱ्याने “मला तर एकही दिसली नाही” म्हणायचं, असं बरीच वर्षं चाललं.

मग एक वेगळी युक्ती पुढे आली. वस्तूला रंग देण्याऐवजी तिच्याकडून काम करून घ्यायचं. पहाटेच्या अंधारात लांबून एखादी वाडी बघा. घरं दिसत नाहीत, पण चुली पेटल्या की धूर दिसतो, आणि धूर जिथून निघतो तिथे घर आहे हे कळतं. एन्झाइम म्हणजे पेशीतली पेटलेली चूल. तिला सरपण द्यायचं आणि धूर दिसेल अशी व्यवस्था करायची. 1939 साली अमेरिकेत गोमोरी आणि जपानमध्ये ताकामात्सु यांनी, एकमेकांशी संबंध नसताना, फॉस्फेटेज नावाच्या एन्झाइमसाठी हे करून दाखवलं. 1949 साली कोएल आणि फ्रीडनवाल्ड यांनी तीच कल्पना कोलिनएस्टरेजसाठी वापरली.

कोलिनएस्टरेज हे नाव ग्रामीण भागातल्या वाचकांनी ऐकलं असेल. शेतात फवारणी करताना विषबाधा झाली की रक्तात याचीच पातळी तपासतात, कारण अनेक कीटकनाशकं हे एन्झाइम बंद पाडतात. कोएल यांची पद्धत समजायला सोपी आहे. ऊतीची पातळ चकती घ्यायची. हे एन्झाइम ज्या रसायनाचे तुकडे करतं त्याच्यासारखं दिसणारं, पण गंधकाचा अणू जोडलेलं रसायन आणि सोबत तांब्याचा क्षार असलेल्या द्रावात ती चकती ठेवायची. एन्झाइम जिथे असेल तिथे तुकडे पडतात, ते तुकडे तांब्याला धरून तिथेच बसतात आणि पुढच्या पायरीत त्यांचा तपकिरी डाग होतो. जिथे डाग तिथे एन्झाइम, आणि तेही काम करणारं एन्झाइम. 1964 साली कार्नोव्स्की आणि रूट्स यांनी ही पद्धत आणखी सुटसुटीत केली. आजही प्रयोगशाळांत तिचा वापर होतो.

या पद्धतीने त्वचा पाहिल्यावर स्पर्शाच्या त्या गाठी तपकिरी रंगात स्वच्छ उमटल्या. पाचिनींच्या, माइस्नरांच्याही. बोटावर किती, ओठावर किती, वयाबरोबर कशा कमी होतात, हे मोजता येऊ लागलं. विंकेलमन या त्वचारोगतज्ज्ञाने त्वचेतल्या नसांच्या टोकांवर 1960 साली एक अख्खं पुस्तक लिहिलं.

पण धुरावरून घर कळतं, आत काय शिजतंय ते कळत नाही. कोलिनएस्टरेज हे स्नायू आणि नस यांच्या जोडावर संदेश थांबवण्याचं काम करतं हे तोपर्यंत माहीत होतं. तेच स्पर्शाच्या गाठीत दिसल्यावर काहींनी तर्क केला की स्पर्शाचा संदेशही त्याच रसायनावर चालत असणार. नंतर बारकाईने पाहिल्यावर कळलं की यातला बराचसा डाग नसेच्या टोकात नसून भोवतालच्या पापुद्र्यांच्या पेशींत आहे. शिवाय ते या एन्झाइमचं दुसरं, कमी काटेकोर भावंड आहे. स्पर्श टिपण्याचं काम मुख्यतः दाबाने उघडणाऱ्या दारांवर चालतं. ती दारं कोणती, हे शोधणाऱ्या आर्डेम पाटापूटियन यांना 2021 चं नोबेल मिळालं. डाग खरा होता, अर्थ चुकीचा लावला गेला. रिपोर्ट वाचतानाही नेमकं हेच होतं, म्हणून एवढं सविस्तर सांगितलं.

कोलिनएस्टरेजच्या या डागाचा माणसाच्या आजारात सर्वांत चांगला उपयोग झाला तो वेगळ्याच ठिकाणी. काही नवजात बाळांच्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशीच नसतात, त्यामुळे शी पुढे सरकत नाही आणि पोट फुगतं. हा हिर्शस्प्रुंग यांच्या नावाने ओळखला जाणारा आजार. गुदाशयाचा चिमटीएवढा तुकडा गोठवून त्यात कोलिनएस्टरेजचा डाग पाहिला की तिथे बाहेरून आलेल्या नसांचं दाट जाळं दिसतं आणि निदान पक्कं व्हायला मदत होते. 1970 च्या दशकापासून ही तपासणी वापरात आहे. या नसा संवेदनेच्या नाहीत, पण एन्झाइमच्या डागावर शस्त्रक्रियेचा निर्णय होऊ शकतो, हे यातून लक्षात यावं.

वेदनेच्या नसेतलं ओळखीचं एन्झाइम

आगीच्या, वेदनेच्या त्या बारीक नसांचं काय? तिथेही एका एन्झाइमने वाट दाखवली. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी उंदरांच्या पाठीच्या कण्यात, वेदनेच्या नसा जिथे पोहोचतात नेमक्या त्याच पट्ट्यात, एका ॲसिड फॉस्फेटेजचा गडद डाग दिसला. हंगेरीतल्या सेगेद शहरात क्निहार आणि चिल्लिक यांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांना दिसलं की पायाकडची नस कापली की कण्यातला हा डाग काही दिवसांत नाहीसा होतो. नस कापली खाली, डाग पुसला वर. याचा अर्थ असा की नसेचं टोक दुखावलं तर त्याची खूण मूळ पेशीपर्यंत पोहोचते, आणि ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते.

हे एन्झाइम नक्की कोणतं आणि तिथे काय करतं, हे मात्र कोणालाच कळेना. पन्नास वर्षं ते असंच अनोळखी राहिलं. 2008 साली अमेरिकेतल्या मार्क झिल्का यांनी फिनलंडच्या सहकाऱ्यांसोबत ते ओळखलं. ते निघालं प्रोस्टेटिक ॲसिड फॉस्फेटेज. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी पीएसए येण्यापूर्वी रक्तात जे तपासत असत तेच! वेदनेच्या नसेत ते एका रसायनापासून ॲडेनोसिन तयार करतं, आणि ॲडेनोसिन वेदना दाबतं. उंदरांच्या कण्यात हे एन्झाइम टोचल्यावर वेदना तीन दिवसांपर्यंत कमी राहिली. म्हणजे ज्या नसा वेदना पोहोचवतात त्यांच्यातच तिला लगाम घालण्याचीही सोय असते.

इथे एक इशारा दिलाच पाहिजे, कारण पुढचा प्रश्न मला माहीत आहे. “मग डॉक्टर, एन्झाइमच्या गोळ्या घेऊ का?” नाही. सूज उतरावी म्हणून आपल्याकडे ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन, सेरॅशिओपेप्टिडेज अशा एन्झाइमच्या गोळ्या सर्रास लिहून दिल्या जातात. सूज कमी करण्याबाबतचाही त्यांचा पुरावा तोकडाच आहे, आणि वर सांगितलेल्या एन्झाइमशी त्यांचा काही संबंध नाही. उंदराच्या कण्यात टोचलेल्या एन्झाइमवरून माणसाने गिळायच्या गोळीपर्यंत उडी मारता येत नाही.

तीन मिलिमीटरचा तुकडा

आता आजच्या तपासणीकडे येऊ. 1980 च्या दशकात मेंदूत विपुल असलेलं एक प्रथिन ओळखलं गेलं. मेंदूतल्या विरघळणाऱ्या प्रथिनांपैकी एक ते दोन टक्के तेच. त्याचं नाव पीजीपी 9.5. हेही एक एन्झाइमच आहे. पेशीतल्या टाकाऊ प्रथिनांच्या विल्हेवाटीशी त्याचं काम निगडित आहे. ते नसांमध्ये टोकापर्यंत भरलेलं असतं. त्याला चिकटणारं प्रतिपिंड लावलं की त्वचेच्या वरच्या थरातले ते बारीक तंतू एकेक करून दिसतात. 1990 च्या दशकात मिनेसोटात विल्यम केनेडी यांनी आणि बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये ही पद्धत मार्गी लावली. लँगरहान्सच्या सोन्यात जे खात्रीने दिसलं नव्हतं ते इथे इतक्या नेमाने दिसू लागलं की ते मोजता आलं.

एक फरक लक्षात ठेवा. कोएल यांच्या पद्धतीत एन्झाइम काम करतं म्हणून डाग पडायचा. इथे एन्झाइमचं काम पाहत नाहीत, त्याचं असणं पाहतात. चूल पेटली आहे का हे न बघता चूल आहे का एवढंच बघतात. त्यामुळे तंतू शिल्लक आहेत पण बिघडलेले आहेत, अशा रुग्णात ही तपासणीसुद्धा नॉर्मल येऊ शकते.

तपासणी अशी होते. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या 10 सेंटिमीटर वर, जागा बधिर करून तीन मिलिमीटर व्यासाच्या पंचने त्वचेचा तुकडा काढतात. बऱ्याचदा मांडीचाही एक घेतात. टाका लागत नाही, आठ-दहा दिवसांत जखम भरते. प्रयोगशाळेत 50 मायक्रॉन जाडीच्या चकत्या करतात आणि वरच्या थराची सीमा ओलांडून आत शिरणारे तंतू मोजतात. एक मिलिमीटर लांबीत किती, तो आकडा त्या वयाच्या आणि त्या लिंगाच्या निरोगी माणसांशी ताडून पाहतात, कारण वयानुसार तंतू कमी होतात आणि बायकांमध्ये ते पुरुषांपेक्षा थोडे जास्त असतात. मधुमेहात, कधी तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर असतानाच, घोट्याजवळचा आकडा घसरलेला दिसतो. एनसीव्ही त्या वेळी पूर्ण नॉर्मल असू शकतो.

मग प्रत्येकाने करावी का? माझं उत्तर नाही असं आहे, आणि ते केवळ खर्चाचा विचार करून दिलेलं नाही. दहा वर्षांचा मधुमेह, दोन्ही तळपायांची आग, टाचणी टोचली तर बोटांना कमी कळतं आणि गुडघ्याला नीट कळतं, अशा रुग्णाचं निदान डॉक्टरांनी पायमोजे काढायला लावून पाच मिनिटं तपासलं तर होतं. बायोप्सीचा आकडा काहीही आला तरी त्याचे उपचार बदलत नाहीत. जिथे शंका खरी आहे, म्हणजे लक्षणं बारीक नसांची आहेत, साखर नॉर्मल आहे, इतर कारण सापडत नाही आणि निदानावर पुढचं काही अवलंबून आहे, तिथे ती करावी. आणि करायची तर ज्या प्रयोगशाळेला याची सवय आहे तिथेच. तुकडा नेहमीच्या फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकला तर तंतू नीट मोजता येत नाहीत, त्याला खास द्राव लागतो. हे आधी विचारलं नाही तर पायाला भोक पडेल आणि हाती काही लागणार नाही.

त्याआधी करण्यासारख्या साध्या गोष्टी बऱ्याच राहून जातात, हे माझं खरं गाऱ्हाणं आहे. उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर, एचबीए1सी, बी-12, थायरॉइड, किडनी. मेटफॉर्मिन अनेक वर्षं घेणाऱ्यांमध्ये बी-12 कमी होऊ शकतं, आणि शाकाहारी माणसात ते आधीच काठावर असतं. दारूचा इतिहास संकोच न करता विचारायला हवा, तसंच एचआयव्ही आणि केमोथेरपीचाही. आणि आपल्याकडे विसरून चालणार नाही असा कुष्ठरोग. जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात सापडतात. त्वचेवर फिकट चट्टा आहे आणि तिथे गरम-थंड कळत नाही, तर मधुमेहाच्या नावावर बिल फाडण्यापूर्वी तो चट्टा बघा. कुष्ठरोगाचा घाला आधी याच बारीक नसांवर पडतो. दोन काचनळ्यांत कोमट आणि गार पाणी घेऊन केलेली तपासणी तिथे अजूनही उपयोगी आहे, आणि कुष्ठरोगाचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं.

आता शिबिरांबद्दल. “पायांच्या नसांची मोफत तपासणी” असा फलक लावून बऱ्याच ठिकाणी पायाला कंप देणारं यंत्र लावतात आणि आकडा छापून देतात. हे यंत्र पाचिनींच्या गाठी आणि त्यांच्या जाड नसा तपासतं. पायाला जखम होण्याचा धोका कोणाला आहे हे शोधायला ते उपयोगी आहे, म्हणून शिबिराला जरूर जा. पण तिथला हिरवा शिक्का म्हणजे आग होणं खोटं, असं समजू नका. बारीक नसा तपासायला टाचणी आणि थंडगार धातू पुरतो, आणि तपासणाऱ्याकडे थोडा वेळ लागतो. लालसर आकड्याची पावती देऊन तिथेच विटामिनच्या इंजेक्शनांचा कोर्स विकायला लागले तर मात्र उठून या. बी-12 कमी असेल त्याने ते भरून काढलंच पाहिजे. ज्याचं नॉर्मल आहे त्याच्या मधुमेही नसा त्या लाल इंजेक्शनाने उगवत नाहीत.

उगवतात का मुळात? थोड्याफार, सुरुवातीच्या टप्प्यात. 2006 साली युटा विद्यापीठातल्या डॉक्टरांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या आणि नसांचा त्रास सुरू झालेल्या 32 जणांना वर्षभर आहार आणि व्यायामाचं मार्गदर्शन दिलं. आधी आणि नंतर याच पद्धतीने त्वचा तपासली. मांडीच्या त्वचेतले तंतू वाढलेले दिसले. संख्या लहान होती, तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे यावरून फार मोठे दावे करू नयेत. पण रोज पाऊण तास चाला असं मी सांगतो तेव्हा त्यामागे हेही आहे. वेदनेसाठी प्रेगाबॅलिन, ड्युलॉक्सेटिन, ॲमिट्रिप्टिलिन यांसारखी औषधं आहेत. ती वेदना कमी करतात, तंतू वाढवत नाहीत, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय सुरू किंवा बंद करायची नाहीत. ड्युलॉक्सेटिन आणि ॲमिट्रिप्टिलिन नैराश्यावरही वापरतात. चिठ्ठी वाचून दुकानदार “ही तर डोक्याची गोळी” म्हणाला म्हणून कोणी ती बंद करू नये.

माझी डॉक्टर मित्रांना एक विनंती आहे. एनसीव्हीच्या रिपोर्टखाली “नॉर्मल” लिहिताना पुढे एक ओळ वाढवा, की या तपासणीत बारीक मज्जातंतू तपासले जात नाहीत. काही ठिकाणी ती लिहिली जाते. जिथे लिहिली जात नाही तिथे शाई वाचते आणि एखाद्या घरातला विश्वास जातो.

आणि वाचकांसाठी. पुढच्या वेळी असा रिपोर्ट हातात आला तर डॉक्टरांना शांतपणे विचारा, “यात कोणत्या नसा तपासल्या आणि कोणत्या नाही?” पायमोजे काढून जा. गरम-थंड कळतं का हे घरी तपासायला गरम पाण्याच्या बादलीत पाय घालू नका. ज्याला कळत नाही त्याचा पाय भाजतो आणि हे त्याला फोड आल्यावर समजतं. अंघोळीचं पाणीसुद्धा आधी कोपराने बघा, किंवा घरातल्या दुसऱ्या कोणालातरी बघायला सांगा.